गुलाबी समुद्राची कॅसेट

स्टुडिओवाल्याने माझ्या आईला गोरं करून टाकलं होतं आणि शाबासकीची वाट बघत तो माझ्याकडे वळून बसला होता.

मालवणात एस.टी. स्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं. लग्नांचं शूटिंग हा मुख्य धंदा, आणि दाराबाहेर पाटी: ‘जुन्या कॅसेटची सीडी करून मिळेल’. दोन हजार सात साल असावं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमचा किनारा होता, डोक्यावर टोपली घेतलेली तरुण आई होती आणि तिच्यामागे समुद्र. आईचा चेहरा पिठात लोळवल्यासारखा. समुद्र निळा, लॉजवाले जाहिरातीत छापतात तसा.

“कशा दिसतायत आई?” तो म्हणाला. गिऱ्हाइकांशी तो शाळेतलं मराठी बोलायचा.

“ही माझी आई नाही,” मी म्हटलं. “माझी आई काळी आहे. आणि हा समुद्र कुठून आणलात?”

“ताई, लोकांना असंच आवडतं.”

“लोकांना काय आवडतं ते विचारायला मी आलेले नाही. त्या दिवशी जसं होतं तसं हवंय.”

तो हसला. “त्या दिवशी कसं होतं ते मला काय माहीत? मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.”

मीसुद्धा जन्मले नव्हते. पण त्या दिवसाचं ओझं मी जन्मापासून वाहत होते, म्हणून त्याचं ते हसणं मला सहन झालं नाही.

तेव्हा आमच्या वाडीत रापण चालायची. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धगोल फिरत जाळं सोडते आणि परत किनाऱ्याला लागते. मग जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर सगळी वाडी मिळून ओढते. जो दोराला हात लावतो त्याला मासळीतला वाटा मिळतो. पण होडी कधी सोडायची हे खाली वाळूत उभं राहून कळत नाही. त्यासाठी एक माणूस डोंगरीवर उभा असतो. तारली मासळीचा थवा आला की पाण्यावर डाग दिसतो. तो दिसला की वरचा माणूस हातातला फडका डोक्यावर फिरवतो: सोडा. फडका खाली गुडघ्याशी धरला तर: थांबा. माझे वडील हे वरचे माणूस होते. त्यांचा फडका लाल होता.

एका दिवशी जाळं पडलं, ओढलं आणि रिकामं आलं. नुसतं रिकामं नाही, पाण्याखालच्या खडपात अडकून मधोमध फाटलं. तो थवा नव्हताच, ढगाची सावली होती, असं वाडीने ठरवलं. वडिलांची वरची जागा गेली. मरेपर्यंत ते खाली दोर ओढत राहिले आणि आमच्या घराला नाव पडलं. मी वाटेने जाताना कोणी विचारायचं, “ह्या खंयचा चेडू?” आणि उत्तर यायचं, “सावलेक जाळा घातल्यान ना, तेचा.” आई बाजारात मासे विकायला बसली की शेजारीण गिऱ्हाइकाला सांगायची, “टोपलेत नीट बघ हां बाये, नायतर सावली बांदून दितली तुका.” सगळ्या जणी हसायच्या. आई हसायची नाही. “थंय मासो होतो,” ती म्हणायची. “माझ्या घोवान बघितल्यान तो. पळालो तर तो काय करतलो?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यातला प्रत्येक श्वास मला पाठ आहे.

वडील मात्र काही म्हणायचे नाहीत. जागा गेल्यावर ते ट्रॉलरविरुद्धच्या लढ्यात पडले. कुडाळला छापलेली पत्रकं गठ्ठा बांधून आणायचे आणि वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने वाटायचे. घरात वाचायला दुसरं काही नव्हतं. मी अक्षरं पत्रकांवर शिकले, आणि पाटीवर मी स्वतःहून लिहिलेले पहिले शब्द होते ‘जाब द्या’. हा माणूस सरकारकडे जाब मागायचा, ट्रॉलरवाल्यांकडे मागायचा, आणि स्वतःच्या दारात कोणी सावलीवरून बोललं तर मान खाली घालून जाळ्याची गाठ मारत बसायचा. मला त्याची लाज वाटायची. ते गेले तेव्हा मी शाळेत होते, आणि तीच लाज घेऊन मी कॉलेजात गेले.

त्या दिवसाची फिल्म होती. मामा जहाजावर नोकरीला होता. सुट्टीत येताना त्याने छोटा कॅमेरा आणला होता आणि दिसेल ते तो टिपत सुटला होता. पुढे फिल्मला बुरशी लागली, तेव्हा त्याने ती चादरीवर पाडून व्हिडिओ कॅमेऱ्याने तिचं पुन्हा शूटिंग केलं. अशी ती कॅसेट झाली. मूळ फिल्म त्याने टाकून दिली. पण तोवर फिल्ममधला निळा उडाला होता. कॅसेटमध्ये वाळू गुलाबी, माणसं गुलाबी, डोंगरी गुलाबी, समुद्र गुलाबी. समुद्रावर एक काळपट डाग दिसायचा. थव्याचा डाग तांबूस असतो, ढगाची सावली राखाडी. गुलाबी पाण्यावर दोन्ही सारखेच. सगळं भांडण रंगाचं होतं आणि रंगच मेला होता. आईला तो परत हवा होता, म्हणजे तिच्या नवऱ्याचा मासा तिला सगळ्या वाडीला दाखवता आला असता.

मी हे सगळं स्टुडिओवाल्याला सांगितलं. सांगायला नको होतं, कारण त्याचे डोळे लगेच चमकले.

“मग सोपं आहे. डाग तांबूस हवाय ना? किती तांबूस ते सांगा.” त्याने पडद्यावरच्या तीन पट्ट्या दाखवल्या: लाल, हिरवी, निळी. “ही सरकवली की समुद्र लाल, ही सरकवली की निळा. तुम्ही म्हणाल तसं.”

त्या क्षणी आमच्या बाजूतलं भोक मला दिसलं. पट्टी ज्याच्या हातात, निकाल त्याचा. असल्या पुराव्यावर मी दुसऱ्या कोणाला सोडलं नसतं. चित्रात अशी एक तरी वस्तू हवी होती, जिचा खरा रंग आजही हातात धरून बघता येईल. तिचा रंग जुळला की थांबायचं. मग समुद्र जो निघेल तो.

होडी दर वर्षी रंगवली जाते, ती बाद. देवळाला दोनदा ऑइल पेंट फासलेला, तेही बाद. घरी आल्यावर मी आईला विचारलं, फिल्ममध्ये तू नेसलेलं लुगडं कुठलं?

“मोरपिशी,” ती म्हणाली. “माझ्या लग्नातला.”

कॅसेटमध्ये ते राखेसारखं दिसत होतं.

“आता कुठे आहे?”

तिने खाटेकडे हनुवटी केली. खाटेवर गोधडी होती. आमच्याकडे विटलेली लुगडी गोधडीत आत जातात, धड असलेली वर येतात. पण ज्या वर्षी हे लुगडं खडपात अडकून फाटलं, त्या वर्षी ते नवंकोरं असतानाच आत गेलं होतं. तिने ब्लेड घेतलं आणि ओट्यावर बसून शिवण उसवायला लागली. आतून जो तुकडा निघाला त्याने कधी ऊन बघितलं नव्हतं. मोराच्या मानेसारखा रंग.

“एक अट आहे,” मी म्हटलं. “हे जुळलं की पट्ट्यांना हात लावायचा नाही. सावली निघाली तर सावली.”

“नाय निघाची.”

“निघाली तर?”

तिने दातांनी दोरा तोडला. “निघाली तर निघाली. बापाशीसारखी तत्त्वा नको शिकवू माका.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर मालवणात आली. स्टुडिओवाल्याला तिने विचारलंही नाही. खुर्ची ओढली आणि तुकडा थेट मॉनिटरवर टेकवला.

“अगो आये, ह्यो मॉनिटर आसा, कापडाचा दुकान नाय,” तो चिडून म्हणाला. शाळेतलं मराठी एका वाक्यात संपलं.

“तू लाल कमी कर रे. बोलू नको.”

तो पट्ट्या सरकवत राहिला, ती कापड आणि पडदा बघत राहिली. “वायच हिरवो घाल. चडलो. आता मागे घे. निळो खंय गेलो?” तो पुटपुटायचा, की उडालेला निळा मी घरून आणू काय. लुगडं राखेतून हळूहळू वर आलं. एक वेळ अशी आली की कापडाची कड कुठे संपते आणि पडद्यावरचं लुगडं कुठे सुरू होतं ते कळेना.

“हां,” आई म्हणाली. “हात काड.”

त्याने हात काढला. तोवर आमच्यापैकी कोणीच समुद्राकडे बघितलं नव्हतं.

समुद्र मातकट हिरवा होता, पावसाळा सरताना असतो तसा. आणि त्यावरचा डाग राखाडी होता. त्यात तांबूसपणाचा ठिपकाही नव्हता. आईच्या पलीकडे वाळूवर तसलाच दुसरा राखाडी पट्टा पसरलेला होता. वाळूत काही मासे पोहत नाहीत. ढगच होता.

स्टुडिओवाल्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं असावं. हळू आवाजात म्हणाला, “आये, त्या डागापुरतो वायच लाल टाकू? कोणाक कळाचा नाय.”

आईने तुकड्याची घडी घातली. “नको. थंय मासो नव्हतो तर नव्हतो. पुढे लाव.”

पुढे डोंगरी आणि खालचा किनारा एकाच चित्रात येतात. हा भाग मी कॅसेटवर शेकडो वेळा बघितला होता आणि गुलाबी डोंगरीवर एका माणसाच्या धूसर आकृतीशिवाय कधी काही दिसलं नव्हतं. आता डोंगरी हिरवी होती. आणि हिरव्या गवतावर एक लाल ठिपका होता.

तो ठिपका खाली होता, गुडघ्याशी.

खाली होडी पाण्यात शिरत होती. तिच्या पाठीला हात लावून रेटणारा आणि दुसरा हात उंच करून माणसांना बोलावणारा माणूस म्हणजे आमच्या रापणीचा तांडेल, होडीचा म्होरक्या. ठिपका अजून गुडघ्याशीच. होडी लाटेपलीकडे गेली, जाळं सुटायला लागलं, आणि मग तो लाल ठिपका हलला, वर गेला आणि डोक्यावर फिरायला लागला.

“मागे घे,” आई म्हणाली. त्याने मागे घेतलं. “परत.”

आमच्याकडची रीत अशी, की जाळं पाण्यात पडलं की वरच्या माणसाने ते आंधळं सोडायचं नाही. त्याला पटो न पटो, फडका उचलून होडीला वाट दाखवायचीच. आणि एकदा जाळं पडलं की आधी कोण बोललं हे कोणी विचारत नाही. नजर वरच्याची, यश वरच्याचं, पापही वरच्याचं. वाडीने वर गेलेला फडका बघितला होता, तो खराच होता. खालचा फडका कोणी बघितला नाही, कारण तेव्हा सगळे तांडेलाच्या हाकेवर होडीकडे धावत होते. ढगाला मासा समजला तो तांडेल. वडील वरून थांबा, थांबा सांगत होते.

मला वाटलं आई रडेल. घरी जाताना रिक्षात ती भडकली, आणि तांडेलावर नाही, वडिलांवर.

“माका सांगूक तेका काय झाला होता? मी मासो मासो करून अख्ख्या बाजाराशी भांडलंय. तेका ठावक होता मासो नव्हतो म्हणान. एक दीस तरी म्हणाचा, गप रव, खोटा बोलतंस तू. तेणी माका खोटा बोलूक दिल्यान, गो.”

माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं होतं, मथळ्यासकट. तांडेलाने आता रापणीच्या दोरांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि पर्यटकांना खोल्या देत होता. प्रत्येक खोलीच्या दारावर मी ते चिकटवणार होते. आईने ऐकून घेतलं.

“कागद नको. तुझ्या बापाशीच्या कागदांत लोकांनी सुकट बांदल्यानी. मी तेका बोलवतंय.”

दुसऱ्या दिवशी तांडेल दारावरून जात असताना तिने पदर डोक्यावर घेतला आणि हाक मारली, “भावोजी, ती कॅसेट रंगीत झाली. चाय घेवक येवा.”

तो आला. खुर्चीत बसला, बशीत चहा ओतला आणि टीव्हीवर स्वतःला ओळखून खूश झाला. “रंग बरो इलो. छाती बघ गो माझी तेवाची. आता नुसतो बरगड्यांचो पिंजरो.” मी रिमोट धरून उभी होते. डोंगरी आली तशी मी चित्र थांबवलं.

आई टीव्हीकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

“भावोजी, फडको खंय आसा?”

तो पुढे वाकला. बशी हातातच राहिली.

“खाली,” तो म्हणाला.

“आणि होडी?”

बाहेर त्याच्या खोल्यांतले पर्यटक पाण्यात आरडाओरडा करत होते.

“पाण्यात.”

त्याने बशी ओटीवर ठेवली. “तो कधी बोललो नाय गो,” तो म्हणाला.

“तुमीय खंय बोललास?”

तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि गेला. बशीतला चहा तसाच राहिला. त्याला दारात अडवायचं, चारचौघांत नेऊन कबूल करायला लावायचं, असं काय काय मनात येत होतं. टीव्ही बंद करायला मी हातातला रिमोट समोर धरला.

“बंद करू नको,” आई म्हणाली आणि पुढे सरकून बसली. “शेवटाक परत माझा लुगडा येता.”