कांडेचोराने नेलेला कोंबडा

कांडेचोर आमच्या माळ्यावर राहतो आणि आम्ही खाली. घर नेमकं कोणाचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पुस्तकात त्याला उदमांजर म्हणतात, पण आमच्या इब्रामपुरात तसं म्हटलं तर लोक मला शाळामास्तरीण म्हणून हसतील. केळीचा घड पिकला की आमच्या आधी त्याला कळतं. अननस पोखरतो, कौलं सरकवतो, माळ्यावर ठरलेल्या एकाच कोपऱ्यात घाण करून ठेवतो, आणि एवढं करून पोट भरलं नाही तर कोंबड्या नेतो. डिचोलीच्या शाळेत मी वर्गभर पोरं एका नजरेत गप्प बसवते, पण या एका जनावराने माझ्या नाकी नऊ आणले.

बाबांच्या उमेदीच्या काळात कांडेचोराची एवढी छाती झाली नसती. तेव्हा घरात शेतराखणीची, परवान्याची ठासणीची बंदूक होती. ससा यायचा, रानकोंबडा यायचा, क्वचित साळिंदर. मात्र रानातलं मांस आईच्या चुलीवर कधी चढलं नाही. ते रांधायचं मागीलदारी, तीन दगडांवर, त्याच कामाच्या काळ्या मडक्यात, आणि तेही पुरुषांनीच. एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मागणारे बाबा त्या दिवशी लुंगी खोचून उभे राहायचे. सशाला आधी हळद, मीठ आणि भरपूर आलं चोळून ठेवायचं, कारण त्याला रानाचा वास असतो. मग सालीसकट ठेचलेला लसूण, काळी मिरी, आणि काळपट होईपर्यंत भाजलेलं खोबरं पाट्यावर वाटून. खोबरं भाजताना कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

शिजल्यावर वाटे पडायचे. सागाच्या पानावर एकेक वाटा, वाडीतल्या प्रत्येक घराला, मग त्या घरात शिकारीला गेलेला कोणी असो वा नसो. ज्याने मारला त्याचा वाटा सगळ्यांत शेवटी. पानं घरोघर पोचवायचं काम माझं होतं. त्या दिवशी प्रत्येक दारात माझं कौतुक व्हायचं आणि मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पुढे शिकार बंद झाली, कायद्याने आणि बाबांच्या मनानेही. निवडणूक आली की बंदुका पोलीस स्टेशनात जमा कराव्या लागतात. अशीच एकदा ठेवलेली बंदूक बाबांनी परत आणलीच नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "रानात आता उरलाहा काय? रवांदे थंयच." कांडेचोराला ही बातमी कोणी दिली ठाऊक नाही, पण तो त्याच सुमारास माळ्यावर राहायला आला, असं आई शपथेवर सांगते.

गेल्या वर्षी त्याला हुसकावून लावायला बाबा शिडीवर चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण बाबा चालेनात. भिंत धरून पलंगापासून सोप्यापर्यंत, म्हणजे पुढच्या ओसरीपर्यंत यायचं, दिवसभर तिथे बसायचं आणि तसंच परत जायचं. पायाला काही झालेलं नव्हतं, धीरच खचला होता. ज्या माणसाने रानं पालथी घातली त्याला अंगणाच्या तीन पायऱ्यांची भीती वाटावी, याचा मला आधी राग आला आणि मग रडू आलं. आई मात्र रोज सकाळी न चुकता म्हणायची, "उठा हो. वायच अंगणात तरी चला." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

शेवटी आईने गावच्या राखणदाराला नवस बोलला. वाडीच्या टोकाला, झऱ्याजवळ त्याची जागा आहे. घरचा कोंबडा देईन, पण तो यांनी स्वतः चालत येऊन द्यायचा, असा नवस. तांबडा, काळ्या शेपटीचा एक कोंबडा तिने राखून ठेवला. त्याला कोणी हुश म्हणायचं नाही आणि पहिला दाणा त्याचा. कोंबडा वाढून गलेलठ्ठ झाला तरी बाबा सोप्यावरच. आणि इकडे कांडेचोर एकेक कोंबडी उचलत होता. वनखात्याची माणसं येऊन बघून गेली, कौलांमधल्या फटी बुजवा म्हणाली. आम्ही बुजवल्या, त्याने नव्या केल्या. बाबांचे शिकारीतले जुने सोबती, शेजारचे काका, त्यांनी पिकलं केळं लावून पिंजरा मांडला, म्हणाले, धरून लांब रानात सोडून येऊ. पिंजऱ्यात दोनदा त्यांचंच मांजर सापडलं. केळं खाणारं मांजर मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई दोन दिवस माहेरी लग्नाला गेली आणि घर माझ्यावर सोडून गेली. जाताना चार वेळा बजावलं, "कोंबो डालग्याखाली घातलो की वयर फातर ठेव." मी डालगं पालथं घातलं, आणि त्यावर दगड ठेवायची विसरले.

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकून मागीलदारी गेले तर डालगं उलटलेलं आणि तांबडी पिसं.  कोंबडा गेला याचं दुःख नव्हतं. आईला हे कळलं तर ती म्हणणार, राखणदाराने नवस नाकारला, आणि मग ती रोज सकाळी "उठा हो" म्हणायचीसुद्धा थांबणार. बाबांना कळलं तर ते मनातून सुटल्यासारखे होणार, ही भीती त्याहून मोठी. बाबा उठायच्या आत मी पिसं झाडून टाकली, चहा-पाव दिला, औषध आणायचं आहे असं सांगितलं आणि स्कूटर काढून थेट डिचोलीच्या बाजारात गेले. काळ्या शेपटीचा तांबडा कोंबडा शोधायला मला दोन तास लागले. विकणारी बाई म्हणाली, "रंग पळोवन कोण कोंबो खाता गो?" मला रंगच बघायचा होता; मी पैसे मोजले.

पिशवीतून मान बाहेर काढलेला कोंबडा घेऊन परत आले तर सोपा रिकामा. पलंग रिकामा. न्हाणीत नाही. कोपऱ्यात वर्षभर धूळ खात पडलेली काठीही जागेवर नव्हती. मी विहिरीत आधी वाकून बघितलं. मग हाका मारत कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या वाटेने धावत सुटले.

उतारावर, पोफळींच्या मधून बाबा येत होते. एका हातात काठी आणि दुसऱ्या काखेत तांबडा कोंबडा. चार पावलं टाकायचे, थांबायचे, दम खायचे, पुन्हा चार पावलं. चपला पाटाच्या चिखलाने भरलेल्या. मी अंगणातल्या फणसाखालची पिसं झाडायची विसरले होते आणि त्यांनी ती सोप्यावरून बघितली होती. मी कोणाला काही न बोलता बाजारात गेले, तसेच तेही कोणाला काही न बोलता पाटापलीकडच्या चुलतभावाकडे तसाच कोंबडा आणायला गेले होते. नुसतं जायला त्यांना तास लागला होता. मला बघून एकदम चिडले.

"बघीत कित्याक रवलंस? धर हो कोंबो. हात मोडान इलो माझो."

मी कोंबडा घेतला आणि वाटेतच मोठ्याने रडले. बाबा म्हणाले, "तुझ्या आवशीक सांगू नको." म्हणजे त्यांनाही आईचीच काळजी होती.

सांगायची वेळच आली नाही. संध्याकाळी आई आली, अंगणात दोन सारखे कोंबडे एकमेकांवर मान फुगवून उभे होते. तिने एकाकडेही नीट बघितलं नाही. ती बघत होती पायरीवर सुकत घातलेल्या बाबांच्या चपला.  मग विचारलं, "तुमी खंय गेल्लात?" बाबांनी जागा सांगितली, बाकीचं तिने ओळखलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आपलो कोंबो राखणदारान आपणच व्हेलो. आता कांडेचोराक कोण कायेक बोलू नकात." राखणदारानेच नेला म्हटल्यावर काकांचा पिंजराही परत गेला.

रविवारी बाबा एक कोंबडा घेऊन झऱ्यापर्यंत चालत गेले. आम्ही मुंगीच्या चालीने मागे. काकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. उरलेल्या कोंबड्याचं मी चुलीवर करते म्हटलं, तर बाबा म्हणाले, माझ्या पद्धतीने करू. मागीलदारी तीन दगड मांडले, काळं मडकं खाली काढलं. सशासारखंच आलं चोळलं, खोबरं काळपट भाजलं. मी मध्येच काही बोलले तर "गप रव" म्हणून ऐकून घेतलं. तासभर बाबा धुरात उभे, हातात डाव, एक पाय किंचित अवघडलेला. काका वाट्यांसाठी पानं पुसत होते, आणि वासाने मला इतकी भूक लागली होती की मी चोरून एक तुकडा उचलला.

आई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. म्हणाली, "पाय दुखतलो. वायच बसा हो आता."

बोलली आणि स्वतःच थबकली. बाबांनी मडक्यातून मान वर केली नाही.

"बसान बसान कंटाळलंय," ते म्हणाले, "वाटे कर तू."