गिराणाचं लुगडं

"जोरात ओरड. आमच्या पोराचा ताप जायचा हाय. तोंड उघड की नीट."

मालकीणबाई ओट्यावर उभी होती. मी खाली चिखलात. पावसाळ्यातली सकाळ, सूर्याला गिराण लागलेलं. पुस्तकात त्याला ग्रहण म्हणतात. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात ते गिराणच. गिराण लागलं की आम्ही मांगांनी घरोघर फिरायचं आणि ओरडायचं, "दे दान, सुटे गिराण." मग लोक मीठ, दाणे, जुनेर काढून द्यायचे. दान म्हणायचे त्याला. खरं तर घरातली पिडा बाहेर फेकायची असते आणि ती झेलायला कुणीतरी लागतं. ते काम आमच्याकडं होतं.

मी तेव्हा तिसरीत की चौथीत. माय पुढं पदर पसरून, तिच्यामागं आजी, आणि मी पिशवी धरून. मी ओरडले. मालकीणबाई म्हणाली, पुन्हा. मी पुन्हा ओरडले. ओट्यावर त्यांचा मुलगा घोंगडीत गुंडाळून बसवला होता. माझ्याच वर्गातला. तापानं डोळे लाल. मालकीणबाईनं एका जुन्या हिरव्या लुगड्यात मीठ-मिरच्या टाकल्या, ते त्याच्यावरून उतरवलं आणि फेकलं. मायचा पदर समोर होता. पण तिनं नेम माझ्यावर धरला. लुगडं डोक्यावर पडलं, मीठ डोळ्यांत गेलं. तो पोरगा हसला. अंगात एवढा ताप, तरी हसला.

"जावा आता. मागं वळून बघू नगा."

माय म्हणाली, "बरं, बाईसाब."

डोळे मी धुतले. ते "बरं" अजून झोंबतं. आईला असं बोलताना ऐकलेल्या पोरीला विचारा, मीठ काय चीज आहे.

पोरगा बरा झाला. शाळेत येऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं, माझा ताप हिच्या अंगात गेलाय. मुली सरकून बसल्या. गुरुजींनी ऐकलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला दाराजवळ बसवलं. "तिथं बस. वारं लागंल तुला." वर्ग खो खो हसला. त्याच आठवड्यात गुरुजींनी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून ग्रहण कसं लागतं ते शिकवलं. मी ते दाराजवळूनच बघितलं.

त्या दिवसांत उदगीरहून एक विधवा बाई आमच्या वस्तीत यायची. आम्ही तिला बायबलबाई म्हणायचो. एसटीतून उतरून, चिखल तुडवत यायची, आमच्या पोत्यावर बसायची आणि वाचून दाखवायची. एकदा तिनं वधस्तंभाचं सांगितलं. येशूनं जगाचं सगळं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं, म्हणाली. माय शिंदीच्या पानांची केरसुणी बांधत होती. तिचे हात थांबले.

"मग आमच्यात अन् त्याच्यात फरक काय? आम्ही बी गावाचं समदं अंगावरच घेतो की."

 बायबलबाईनं पुस्तक मिटलं, चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "त्यानं आपणहून घेतलं, बाई. तुमच्यावर टाकतात."

मायनं केरसुणी बाजूला ठेवली. आजीनं ते हिरवं लुगडं गोधडीला फाडायला काढलं होतं. मायनं ते तिच्या हातातून घेतलं, स्वच्छ धुतलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं. कशाला, ते कुणाला कळलं नाही. दसऱ्यानंतर बाप ऊसतोडीला गेला. माय मला घेऊन उदगीरला गेली आणि आम्ही दोघींनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचं गिराण संक्रांतीच्या दिवसांत आलं. ऐन दुपारचं.

"आपल्याला मागायला जायचं न्हाई," मायनं आजीला सांगितलं.

आजी घाबरली. "गाव पाणी तोडंल. सरपण तोडंल. मग कुठं जाशील?"

"जाईन कुठंबी."

वस्तीतली इतर माणसं बापासारखीच उसाच्या फडावर होती. मागायला उरलो आम्हीच. मालकीणबाईचा निरोप आला. थोरली सून दिवसांत होती. दान घेणारं कुणी नसलं तर गिराण सुटत नाही, पोटातल्या जिवाला धोका, मुकाट्यानं ये. माय गेली नाही. मग मालकानं कुणाच्या तरी ओळखीनं उदगीरच्या चर्चातल्या पाळकसाहेबांना गाठलं. शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाळकसाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होतं. "बाई, ख्रिस्ती माणसानं नम्र असावं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. गावापुढं चांगलं उदाहरण ठेवा."

"उदाहरणच ठेवून राहिले, साहेब," माय म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

गिराण लागलं तसं तिनं पेटी उघडली. हिरवं लुगडं काढलं, माझा हात धरला आणि गावात निघाली. सगळी दारं बंद. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. भर दुपारी उजेड मळकट झालेला. मालकाच्या ओट्यावर तिनं लुगडं ठेवलं आणि बंद दाराला म्हणाली, "मालकीणबाई, तुमचं लुगडं. धुऊन आणलंय. आता हितून पुढं आम्ही न्हाई येणार."

एवढंच. आम्ही वळलो.

तेवढ्यात बाजूच्या खोलीतून आवाज आला. "पाणी द्या कुणीतरी." सुनेचा आवाज. गिराणात पोटुश्या बाईनं खायचं नाही, प्यायचं नाही, उठायचं नाही. वेध लागले म्हणून पहाटेपासूनच तिला कोंडून ठेवलेलं. ओट्यावरच्या त्या दाराला बाहेरून कडी. आवाज पार बसलेला होता.

मी मायचा हात ओढला. "चल ना, माय." मला कळत होतं की आता थांबलो तर मेलो. ज्या घरानं माझ्या डोळ्यांत मीठ घातलं, त्या घरातली बाई तहानेनं मरो, माझं काय जातं? मी नऊ-दहा वर्षांची होते आणि मला असंच वाटलं.

मायनं माझा हात सोडला. ओट्याची पायरी चढली. आमच्यातलं कुणी त्या ओट्यावर पाय ठेवलेला मी कधी बघितला नव्हता. तिनं रांजणावरचं झाकण काढलं. पाण्यात गिराणासाठी तुळशीचं पान टाकलेलं होतं. तांब्या भरला, कडी काढली आणि सुनेच्या हातात दिला. सून तांब्याला तोंड लावून घटाघटा प्याली. अजून मागितलं. मायनं पुन्हा भरून दिलं.

मालक बाहेर आला तेव्हा तांब्या मायच्या हातात होता.

त्यानं तिच्या कानफटात मारली. माय हलली, पडली नाही. पदर सावरला. हात वर केला नाही की मान खाली घातली नाही. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. ते बघणंच त्याला सहन झालं नसावं. त्यानं दुसऱ्या बाजूला मारली, पहिलीपेक्षा जोरात. कानातून रक्त आलं. ती बघतच राहिली. दुसरा गाल पुढं करा, हे मी चर्चात ऐकलं होतं आणि ते मला मायच्या "बरं, बाईसाब"सारखंच वाटलं होतं. त्या ओट्यावर कळलं की दुसरा गाल द्यायला आधी मान सरळ ठेवावी लागते.

मालकीणबाईनं सुनेला विचारलं, "तू हिच्या हातचं पिलीस?"

सुनेची हनुवटी अजून ओली होती. ती म्हणाली, "तिनं जबरीनं पाजलं."

मग घरातले बाकीचे आले. मायला ओट्यावरून ओढलं. तेच हिरवं लुगडं तिच्या गळ्यात बांधलं आणि वस्तीपर्यंत चालवत नेलं. आता दारं उघडली होती. ज्यांना गिराणात बाहेर यायची भीती होती, ते सगळे बघायला बाहेर आले. "ओरड," मालक म्हणत होता. "दे दान म्हण." माय ओरडली नाही. मग त्यानं माझी वेणी धरली. "तू ओरड. तुला येतं की."

येत होतं. जोरात येत होतं. मी ओठ मिटले. त्यानं वेणी पिळली, डोक्यात टोले दिले, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. तोंड मी उघडलं नाही. पुढं मायच्या गळ्यातलं लुगडं दिसत होतं आणि मी दात आवळून त्याच्यामागं चालत होते.

ठाण्यात बायबलबाई आमच्यासोबत आली. पाळकसाहेबांना त्या दिवशी कार्यक्रम होता. जमादारानं आम्हाला फरशीवर बसवलं. बायबलबाईला त्यानं बाक दाखवला, तीही आमच्याशेजारी फरशीवर बसली.

"कोण तुम्ही?"

"मांग."

"अन् हे चर्चात जाता, ते?"

"बाप्तिस्मा घेतलाय."

"मग अट्रॉसिटी कशाची मागता? किरिस्तावाला जात नसती."

हसून म्हणाला तो. लुगडं गळ्यात बांधताना आम्ही मांग होतो, कागदावर लिहायची वेळ आली तर नव्हतो. किरकोळ भांडण म्हणून त्यानं काहीतरी खरडलं आणि घरी जा म्हणाला. त्या कागदाचं पुढं काहीच झालं नाही.

नंतर पाळकसाहेब आले. मायच्या कानावर फडकं होतं. ते म्हणाले, "सहन करा, बाई. प्रकरण वाढवू नका. तुमची शांती बघून गाव बदलेल."

माय म्हणाली, "ह्या कानानं ऐकू येत न्हाई, साहेब. अन् दुसऱ्यानं ऐकायचं न्हाई."

गाव बदललं नाही. पाणी बंद झालं, सरपण बंद झालं, दुकानदार मीठसुद्धा देईना. आम्ही उदगीरला आलो. आजी आली नाही. पुढच्या गिराणाला ती एकटीच मागायला गेली, हे आम्हाला नंतर कळलं. सुनेला मुलगा झाला, धडधाकट. मांगिणीच्या गळ्यात लुगडं बांधलं म्हणून सगळं सुखरूप झालं, असं गाव म्हणालं. हे ऐकून मी भांडी आपटली. माय म्हणाली, "बरं झालं. लई तहानली व्हती ती." मी कित्येक दिवस मायशी धड बोलले नाही.

मी नर्स झाले. उदगीरच्या एका खासगी दवाखान्यात लागले. एका दिवाळीत संध्याकाळचं गिराण आलं. बाकीच्या सिस्टर घरी गेल्या. बाळंतिणी होत्या, कुणीतरी थांबायला हवं होतं, म्हणून दुसरी पाळीही मी मागून घेतली. एका पोटुश्या बाईला तिच्या सासूसमोर पाणी पाजलं. सासू बडबडली, बडबडू दिली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन आल्या. व्हरांडाभर पेशंट बसलेले. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्यात हे घेतात ना? साडी चांगली आहे हो. गिराण सुटायच्या आत घेऊन जा."

पिशवीत वर मिठाची पुडी होती.

माझ्या घरी मायचं औषध, घराचं भाडं, सगळं त्या नोकरीवर. हे मला त्या क्षणी नीट आठवत होतं. मी म्हणाले, "मॅडम, रात्रभर थांबायला सांगा, थांबते. रक्त लागलं तर काढून घ्या. हे मी घेणार न्हाई." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. मी ती उचलून त्यांच्या केबिनमध्ये ठेवून आले. पाळी पूर्ण केली. पहिल्या तारखेपासून येऊ नका, असं सकाळी सांगण्यात आलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं, माय चांगला कान माझ्याकडं करून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "त्या बाईला पाणी पाजलंस न्हवं?"

पाजलं. यापुढंही पाजीन. माझ्यावर मीठ फेकणाऱ्याच्या घरातलं कुणी तहानलेलं असलं तरी पायरी चढेन, आणि मार पडला तर उभी राहून खाईन. ते मी आपणहून अंगावर घेतलंय. पण मायसारखी माफी मला जमलेली नाही. मालकाला नाही, सुनेला नाही, जमादाराला नाही, पाळकसाहेबांना तर मुळीच नाही. प्रभू विचारेल तेव्हा त्याच्याही तोंडावर सांगेन. पुढचं गिराण येणार आहे, कॅलेंडरात छापून येतं ते. त्या दिवशी माझ्या डोक्यावर काही टाकायला येऊ नका. मला ओरडायला सांगू नका. मी तोंड उघडणार नाही.