जाळ्याखालच्या महालक्ष्म्या

खरं सांगतो, यंदा महालक्ष्म्या बसवायचं माझ्या मनातच नव्हतं. बायको दम्याने गेली. जन्मभर तिनं या थोरल्या-धाकट्या दोघी देवींसाठी घर धुतलं, माळे झाडले, फिनाईल-अ‍ॅसिड ओतलं, आणि दरवर्षी पूजेच्या तोंडावर तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. ती गेली तेव्हा देवघरापुढं उभं राहून मी विचारलं होतं, "काहून वं बायांनो, तुमच्यासाठीच राबली ना ते?" तेव्हापासून हात जोडले नाहीत. घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही. दारातून अंगणात, अंगणातून दारात, असा दिवस जातो.

मागच्या साली आमच्या घरची पूजा भावकीनं केली. यंदा सून रेखा हटून बसली. तिलाही दमा. मी सरळच म्हटलं, "मले या घरात दुसरं मरण नाही पाहायचं."

"मामाजी, असं अभद्र बोलता काहून? तुम्ही फक्त मुखवटे काढून ठेवा."

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दुपारी मुलगा कामावर होता. मी समोरच्या खोलीत पेटी उघडून बसलो. कानानं मी बहिरा, आणि कानातलं यंत्र खिशात होतं. ते नसलं की दारावरची बेलसुद्धा मला ऐकू येत नाही. थोरल्या महालक्ष्मीचा मुखवटा हातात घेतला आणि शिट्टी ऐकू आली. तीच, बायकोच्या छातीतली. पन्नास वर्षं उशाशी ऐकलेला आवाज, चुकेन कसा? "कुठं आहे वं तू?" म्हणत मी येड्यासारखा घरभर फिरलो. स्वयंपाकघर रिकामं होतं. मागं बाथरूमचं दार लावलेलं होतं. ते ढकललं.

आतला वास डोळ्यांत घुसला. रेखा भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळे पडले होते. अ‍ॅसिडचा वास देवापर्यंत जाऊ नये म्हणून दार-खिडकी बंद करून फरशी घासायची, ही माझ्या बायकोचीच रीत. डाग निघेना म्हणून रेखानं अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडरही टाकली होती. तिला ओढत अंगणात आणलं, तिचा दम्याचा पंप तोंडाला लावला, शेजारच्या वहिनींना हाका मारून ऑटो बोलावला.

दवाखान्यात मी यंत्र कानात घातलं. डॉक्टर रागावले. त्या दोन्हींच्या मिसळण्यानं विषारी वाफ होते, म्हणाले, दमेकऱ्यांनी तर तिच्या जवळही जाऊ नये. रेखाला बोलता येऊ लागलं तेव्हा तिनं माझा हात धरला. "मामाजी, तुम्ही आले कसे? माझ्या छातीतून तर आवाजच निघत नव्हता."

मी काय सांगणार? तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी रेखाला घरी सोडलं आणि महालक्ष्म्या बसल्या. मी साध्या पाण्यात फडकं पिळून फरशी पुसली. माळ्याला हातही लावला नाही. आरतीला आलेल्या वहिनी वर पाहून म्हणाल्या, "भाऊ, देवीच्या डोक्यावर जाळं आहे न गा!"

"राहू द्या. त्या काय जाळे मोजाले आल्या का?"

बायको काहून गेली, ते अजून कळलं नाही. जीव अजून दारातून अंगणात, अंगणातून दारात करतो. पण आरतीत रेखाचा आवाज शेवटच्या कडव्यापर्यंत न तुटता गेला, आणि माझे हात कधी जुळले, मलाच कळलं नाही. बायांनो, घर जसं आहे तसं तुमचं. श्वास तेवढे सांभाळा.