मी निवडून दिलेला प्रोसेसर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नांदेडच्या मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या दत्ताला तर नाहीच. तुम्हाला वाटेल, एवढंसं तर आहे — कॉम्प्युटरचा एक भाग, त्याचं काय एवढं? मीही कितीतरी वर्षं स्वतःची अशीच समजूत घालत आलो. जरा दमानं सांगू द्या.

दत्ता निलंग्याकडचा. मी नांदेडचा, मास्तरांचा मुलगा. लातूरला कोचिंगसाठी आम्ही एका खोलीत राहत होतो — दोघंही मेडिकलची परीक्षा दुसऱ्यांदा देणारे. रविवारची टेस्ट झाली की दत्ताच्या चुलत्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ठोकळे रचून जग बांधायचा एक गेम खेळायचो. त्यात मॉड कसे टाकायचे, म्हणजे मूळ गेममध्ये नसलेल्या वस्तू, माणसं, जनावरं बाहेरून कशी आणायची, हे त्याला मी शिकवलं. मी शिकवलं — हे मुद्दाम सांगतोय. तेव्हा मला त्या गोष्टीचं फार भूषण वाटायचं.

मी किल्ले बांधत बसलो. दत्तानं काय बांधलं? त्याचं गाव. भूकंपात पडलेलं जुनं गाव, जे त्यानं स्वतः कधी पाहिलंच नव्हतं. तो जन्मला तो नव्या वस्तीत, एका रांगेतल्या सारख्या घरांमध्ये. जुन्या जागी नुसते दगड आणि बाभळी. त्याचे वडील, आबा, भूकंपाच्या वेळी लहान होते. त्यांचे आईवडील आणि थोरला भाऊ त्या पहाटे गेले. दत्ता सुट्टीत घरी आला की आबा खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि सांगायचे — हितं चिंच, हितं म्हशीचा गोठा, दार जरा तिरपं. तो तसं रचत जायचा. फक्त एक अडचण होती. जुन्या लॅपटॉपला सगळं गाव एकदम पेलत नव्हतं, म्हणून प्रत्येक गल्ली वेगवेगळी बांधून ठेवलेली.

त्या गल्ल्यांचे व्हिडिओ गावात फिरले. वयस्कर माणसं त्याच्या घरी येऊन पडद्यावर आपलं दार शोधू लागली. एकदा मीही तिथं होतो. आबा माझ्याकडे वळून मायेनं म्हणाले, "तू बी असं कायतरी कर की रं." त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. आडपडदा कशाला ठेवू? मी जळत होतो. मी शिकवलेला पोरगा माझ्या पुढं गेला होता, आणि शिकवणारा कोण हे कुणी विचारतही नव्हतं.

परीक्षा झाली. सगळं गाव एकत्र जोडता यावं म्हणून आबांनी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. नांदेडच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दत्ता म्हणाला, "प्रोसेसर तू बघ. मला त्यातलं काय कळतंय? तू म्हणशील तो घेऊ."

आता ऐका. खच्चून मॉड भरलेला तो गेम जवळजवळ सगळं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे आतल्या एकाच कामकऱ्यावर टाकतो. लग्नात आचारी एकच असला की त्याचाच हात चपळ लागतो; वाढपी कितीही वाढवा, भात काही लवकर शिजत नाही. दुकानात दोन प्रोसेसर समोर होते. एकात कोअर थोड्या, पण वेगवान. दुसऱ्यात भरपूर, पण संथ. मला फरक माहीत होता का? — पक्का माहीत होता. दुकानदारानं विचारलं, कशासाठी पाहिजे? दत्तानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "व्हिडिओ एडिटिंगला." त्या कामाला जास्त कोअरच बऱ्या, म्हणून दुकानदारानं दुसराच पुढं केला. दत्ताला वाटलं, मी त्याच्या व्हिडिओंबद्दलच बोलतोय. मग मी त्याला म्हणालो, जास्त कोअर म्हणजे जास्त ताकद, हाच घे.

मी हे जाणूनबुजून केलं. चूक नव्हती ती. त्याचं गाव अडखळावं, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. गल्ल्या जोडल्या की चित्र जागच्या जागी थिजत होतं. "माझ्या बांधणीतच खोट हाय का रे?" — तो स्वतःलाच बोल लावत होता. दुकानदार अजून वस्तू बदलून द्यायला तयार होता, एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, गाव जड झालंय, कमी कर.

मी त्याच्या घरी गेलो — मदतीला म्हणून! आधी चुलींचा धूर काढला. मग कोंबड्या, गुरं, माणसं. तरी अडकायचंच. मग घरं काढायची वेळ आली. दत्ता एकेका घरावर थांबून आबांकडे बघायचा आणि आबा मान हलवायचे.

"ते नको. त्यांच्यातलं कुणीच वाचलं न्हाई. तेवढं तरी राहू दे."

"ते बी नको."

मी मागच्या खुर्चीवर बसून होतो. का बोललो नाही? तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

शेवटी आबा म्हणाले, "आपलं काढ. आपलं मला पाठ हाय."

सगळ्यात जड तेच घर होतं. त्यात आबांना आठवलेलं भांडं न् भांडं होतं. दत्तानं ते काढलं आणि गाव सुरळीत चाललं. आबा पडद्यावर सगळ्या गल्ल्या फिरले, लोकांच्या दारांसमोर थांबले. एका मोकळ्या जागेशी येऊन त्यांनी विचारलं, "हितंच ना?" दत्ता म्हणाला, "हाव."

आबांनी डोळे पुसले, उठून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू होतास म्हणून झालं बाबा."

मी म्हणालो, "त्यात काय एवढं, काका."