घरच्या पोराला दिलेला पासवर्ड

माधवराव गेल्याचा निरोप मला माझ्या मुलाकडून आला, नांदेडहून. त्याच मुलाविरुद्ध माधवरावांचा अर्ज चालू होता. लातूरला अंत्यविधीत मी मागेच उभा राहिलो. पुढे जायला तोंड नव्हतं.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी शाळा चालवली. पुढे मी नोकरीत राहिलो, त्यांनी लातुरात फिजिक्सचा क्लास काढला. स्वतः रचलेले प्रश्न ते वर्षानुवर्षं कॉम्प्युटरात साठवत गेले. माझा निखिल त्यांच्याकडेच शिकला, तिथेच शिकवू लागला आणि मग नांदेडला स्वतःचा क्लास काढायला निघाला. मी म्हणालो, "कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, बदलून घ्या." ते हसले. "घरचं पोरगं बाहेर गेलं म्हणून कुलूप बदलतं का कुणी? तुम्ही लई संशयी, मास्तर."

वर्षभरात ते प्रश्न निखिलच्या पुस्तिकेत छापून आले, माधवरावांच्या एका चुकलेल्या उत्तरासकट... लोक म्हणाले, पोलिसात द्या. ते म्हणाले, "पोराला आत टाकून मला काय मिळणार हाय?" वकिलांनी दुसरा मार्ग दाखवला. परवानगीशिवाय कुणी कॉम्प्युटरात शिरून माहिती उचलली, तर मुंबईला सरकारी निर्णय-अधिकाऱ्याकडे नुकसानभरपाई मागता येते. त्यात तुरुंग नाही. हा मार्ग त्यांना पटला.

सुनावणीत निखिलचे वकील म्हणाले, पासवर्ड सरांनीच दिला, नंतर बदललाही नाही, म्हणजे परवानगी होतीच. त्या माणसाची माया माझ्या मुलाने ढालीसारखी पुढे धरली. मी मान वर केली नाही. बाहेर माधवरावांनी माझ्याकडे चहा सरकवला. "वकील त्याचं काम करायलाय. मनाला लावून घेऊ नका."

दहाव्यानंतर निखिलने विचारलं, "बाबा, आता अर्ज आपोआप संपतो ना?" त्याच्या आवाजात सुटका होती. मला पोटच्या पोराची लाज वाटली, आणि तिच्यापासून पळायला जागाही नव्हती.

परवा माधवरावांच्या क्लासवर वहिनींना भेटायला गेलो. वारस म्हणून अर्ज त्याच पुढे चालवणार आहेत. म्हणाल्या, "भाऊजी, निखिलनं काम सोडलं तेव्हा तुम्ही समोर होता. तिथंच त्याचा कॉम्प्युटरात शिरायचा हक्क संपला, हे सांगणारं दुसरं कोणी न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

निघताना क्लासचं दार ओढून घेतलं. आतून वहिनींचा आवाज आला, "राहू द्या उघडं. लावलेलं ह्यांना आवडायचं न्हाई."