जोडीचे बोंबील

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकत घालणाऱ्या त्या मावशीचं नाव मी दोन वर्षांत कधी विचारलं नाही. मला पीएचडीसाठी फोटो हवे होते आणि तिला बोलायला वेळ नव्हता. फोटोवरून मासे मोजायला मी संगणकाला शिकवत होते. ती दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची आणि संगणक त्या जोडीला एकच मासा समजायचा. मी वैतागायचे.

"एकेकटे टाका ना, मावशी," मी एकदा म्हटलंच.

"एकटा वाऱ्यात टिकत नाय, पोरी," ती मान वर न करता म्हणाली.

यंदा संगणकाची ती चूक मी सुधारली. गाईड खूश झाले. मी लॅपटॉप घेऊन लगबगीने तिच्याकडे गेले, तर बांबूंवरच्या बहुतेक दोऱ्या रिकाम्या होत्या.

"मावशी, आता एकही मासा मोजायचा राहत नाही."

तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग दोऱ्यांकडे.

"आता मीपन मोजते गं. आधी कोन मोजीत होतं?"

टोपलीतला शेवटचा बोंबील तिने उचलला. जोडीसाठी टोपली चाचपली आणि तो परत खाली ठेवला.