अक्काची किरपा

धुळ्याच्या आमच्या चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या अक्का येशूशी शेजाऱ्यासारख्या बोलायच्या. वेदीसमोर झाडू घेऊन वाकल्या की पुटपुटायच्या, "सरक रे बाबा जरा, माले झाडू दे." फादरांनी एकदा ऐकलं आणि हसू दाबत बाहेर गेले.

दिसेल त्यात त्यांना देवाची कृपा दिसायची. नळाला पाणी आलं, किरपा. गॅसचं सिलिंडर वेळेवर आलं, किरपा. एकदा सोनगीरला माहेरी जायची त्यांची बस चुकली, तेव्हा स्टँडवर मी मुद्दाम विचारलं, "आता ही पण कृपाच का?"

"मंग! बस हुकनी म्हनीसन तू भेटनी ना."

मी शाळेत धर्मशिक्षण शिकवायचे, पण इतकी सोपी कृपा माझ्या पुस्तकात नव्हती.

मग तो अपघात झाला. माझा भाऊ सुनील आणि अक्कांचा एकुलता मुलगा जोसेफ, दोघे जिवाभावाचे मित्र, मोटरसायकलवरून सोनगीरहून परत येत होते. हायवेवर कुत्रं आडवं आलं. जोसेफ जागीच गेला. सुनीलच्या पायाच्या हाडाचे दोन तुकडे झाले, पण तो वाचला. गाडी सुनील चालवत होता.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, प्रार्थना वाचायची पाळी माझी होती. आईनं उपकारस्तुती द्यायला सांगितली होती. कागदावर आधी होतं, 'सुनीलचा जीव वाचवल्याबद्दल, हे प्रभू, तुझे आभार.' आणि लगेच खाली, 'जोसेफच्या आत्म्यास चिरशांती लाभो.' पहिली ओळ वाचून मी मान वर केली. समोर तिसऱ्या बाकावर अक्का बसल्या होत्या.

मिस्सा संपल्यावर त्या माझ्याकडेच आल्या. हातात डबा होता. "सुनीलले मुगनी खिचडी शे. दवाखानामा कोन करी दी त्याले?"

मला राहवलं नाही. "अक्का, आमचा सुनील वाचला ही कृपा, तर मग जोसेफचं काय?"

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं. "माले बी नही समजत, माय. तुले समजनं ते माले सांग."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी महिनाभर डबा पोचवला, पण झाडताना त्या गप्प असायच्या. देवावर रुसल्या होत्या की बोलणंच संपलं होतं, मला कळेना. विचारायचा धीर झाला नाही.

वर्षभरानं त्या पहूरला मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या. सुनील आणि मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेलो. सुनील तोवर कुबडीशिवाय चालू लागला होता, पण अक्कांकडे मान वर करून बघायचा नाही. त्यानं त्यांचं गाठोडं उचललं आणि नेहमीसारखा मागे मागे राहिला. अक्का थांबल्या.

"तू पुढे चाल. माले देखू दे."

तो पुढे झाला. थोडा लंगडत फलाटाच्या टोकापर्यंत, उभ्या बसपर्यंत गेला. अक्का जागच्या हलल्या नाहीत. त्याचं एकेक पाऊल बघत राहिल्या. त्यांना सुनील दिसत होता की जोसेफ, त्या आशीर्वाद देत होत्या की हिशेब मागत होत्या, शेजारी उभी असूनही मला सांगता आलं नाही.

आता वर्गात मुलं विचारतात, "टीचर, देव आपल्याकडे कसा बघतो?" पुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे. तरी मला तो फलाट दिसतो, आणि एकेक पाऊल बघत उभ्या राहिलेल्या अक्का.